काकूची जागा

बिदरकडच्या मेहकरात आमच्या घरी जातं एक होतं आणि त्याच्यावर बसणाऱ्या दोघी होत्या. एक माझी आई, उदगीरच्या बाजूची, मराठी घरातली. दुसरी माझी काकू, गुरम्मा. अफजलपूरच्या अंगाला करजगी आहे, तिथली ती. तिच्या माहेरी कन्नडशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिला मराठीतले चारच शब्द येत होते म्हणे, आणि त्यातल्या दोन शिव्या होत्या, काकांनीच मुद्दाम शिकवलेल्या. त्यातली एक तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर प्रेमानं काकांनाच दिली. पुढं तिचं मराठी धबाधबा वाहायला लागलं, पण त्यात बाई कोण आणि बाप्या कोण हा भेद शेवटपर्यंत आला नाही. भाकरी 'झाला' आणि दूध 'नासली'. आम्ही पोरं खीखी करून हसायचो. 'हसा, हसा,' ती म्हणायची, 'पोटात गेला की भाकरी काय मराठी अन् काय कन्नड!' माझ्या आईला ती अक्का म्हणायची. आई थोरली जाऊ, पण तिनं थोरलेपणा कधी गाजवला नाही. दोघींची भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण भांडण कितीही कडू असलं तरी पहाटे जात्यावर समोरासमोर बसावंच लागायचं, आणि एका खुंट्याला दोघींचे हात लागले की भांडण किती वेळ टिकणार?

माझी झोप त्या जात्यावरच पुरी व्हायची. अंथरुणातून उठून मी डोळे मिटूनच जात्याच्या खोलीत जायची आणि आईच्या नाहीतर काकूच्या मांडीवर डोकं ठेवायची. जी मांडी जवळ असेल ती. दळताना मांडी हलायची, जात्याची घरघर कानातून आत जायची, आणि नव्या पिठाचा कोमट वास नाकाशी यायचा. आई दोन ओळी म्हणायची, मराठीतून. मग काकू तिचं उत्तर द्यायची, कन्नडमधून. असं दोघींनी बसून ठरवलेलं नव्हतं. काकू नवी नवरी असताना आईच्या ओव्या तिला कळायच्या नाहीत, पण गप्प बसून दळणं तिच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून ती आपल्या भाषेत जोडत गेली, आणि पुढं तीच रीत झाली. मला त्यातली एक ओवी फार आवडायची. आई म्हणायची,

माहेराच्या वाटंला बाभळी दोन्हीकडं
पायी मोडला काटा, जीव धावं पुढं

आणि काकू तिकडून म्हणायची, 'मुळ्ळ तगद नडी अक्का, ऊर मुंद ऐति.' काटा काढ आणि चाल, अक्का, गाव पुढंच आहे. आईच्या आवाजात कायम एक हुरहूर असायची आणि काकूचा आवाज खणखणीत, रागावल्यासारखा. एकटी आई ऐकली असती तर रडू आलं असतं. काकू होती म्हणून ते गाणं पायावर उभं राहायचं.

जात्याचे काही नेम होते, तेही सांगून ठेवते, कारण पुढं त्यावरून रामायण झालं. रिकामं जातं फिरवायचं नाही, घराला बरं नसतं. परातीत धान्य घेतलं की ते संपल्याशिवाय उठायचं नाही. आणि जोडीनं दळलं की जोडीणीच्या पदरात पसाभर का होईना, पीठ घालायचं. आमच्या घरात पीठ एकाच डब्यात जायचं, तरी आई काकूच्या पदराच्या ओट्यात एक मूठ टाकायची आणि काकू ती मूठ पुन्हा डब्यात टाकायची. हा खेळ मी रोज पाहिलेला आहे.

मी बिदरच्या कॉलेजात शिकायला लागले त्या सुमारास आमच्याकडं इंग्रीडबाई आली. स्वीडन नावाच्या देशातली, उंच, नाक उन्हानं लाल झालेलं, खांद्यावर टेपरेकॉर्डरचं धूड. खेड्यापाड्यांतून बायकांची गाणी गोळा करत हिंडायची. कुणीतरी तिला सांगितलं की मेहकरात दोघी जावा एकाच जात्यावर दोन भाषांतून गातात. आली ती चार दिवसांसाठी, राहिली महिना. पहाटे कंदिलाच्या उजेडात ती जात्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची, आणि दुपारी काकू तिला शेंगाची चटणी चाखवायची नि तिचं आणखी लाल झालेलं नाक बघून पोट धरून हसायची. मी मधे बसून इंग्रजी-मराठी करायची. तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे फाटक्या छत्रीसारखं, पण घरात दुसरं कुणाचं तेवढंही नव्हतं, त्यामुळे माझा तोरा विचारू नका.

ती गेली आणि वर्षभरानं तिचं पत्र आलं. तिकडं उन्हाळ्यात एका तळ्याकाठच्या गावात गाण्याची मोठी जत्रा भरते, देशोदेशींची माणसं येऊन गातात. तुम्ही दोघींनी यावं. विमानाची दोन तिकिटं आम्ही पाठवू, झोपायला जागा देऊ, बाकीचं तेवढं तुमचं तुम्ही बघा. कट्ट्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील, बसलेले, काका उभे, आई आणि काकू दाराच्या आत, आणि मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगत होते. पत्रात पुढं एक वाक्य होतं. भाषेची काळजी करू नका, तुमची बोली समजणारी एक बाई सगळे दिवस तुमच्या सोबत राहील.

ते वाक्य मी वाचलं नाही.

आज इतक्या वर्षांनी त्यावर मी कितीही मुलामा चढवू शकते. लहान होते, समजलं नाही, नजर चुकली. काही नाही! चांगलं समजलं होतं. त्या वाक्यावर आले आणि माझ्या मनात एकदम उजेड पडला की हे वाचलं नाही तर काय होईल. मी पान उलटलं आणि 'आपली इंग्रीड' म्हणून मोकळी झाले. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. 'दोगी बायका. परमुलूख. ना बोलायला येतंय ना वाचायला. कशा जातेल?' मी गप्प. काका म्हणाले, 'मुंबईतच हरवतेल की ओ अण्णा.' मी गप्प. मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. दाराच्या आतून काकूच म्हणाली, 'सरूला धाडा की. त्याला विंग्रजी येतंय. अक्कासंगं सरू जाऊ दे.' आई म्हणाली, 'आन तू?' काकू म्हणाली, 'मी कशाला? विमानात उलटी झाला म्हंजे?' आणि हसली. ते हसू मी अजून विसरले नाही, कारण काकू हसताना कधी तोंडावर पदर धरत नसे आणि त्या दिवशी तिनं धरला होता.

उत्तर मीच लिहिलं. काकू का येत नाही याचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं. खरं कारण लिहिलं असतं तर ती बाई म्हणाली असती, अहो, मी लिहिलंय की सोबत माणूस देते म्हणून. तेव्हा मी लिहिलं, काकूची तब्येत बरी नसते. धडधाकट बाईला मी बसल्या जागी आजारी पाडलं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात ते असं.

पासपोर्टच्या फेऱ्या आणि साहेबलोकांच्या सह्या मी सांगत बसत नाही. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे शिदोरी. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला सरकार माणशी आठ डॉलर नेऊ द्यायचं, त्याच्यावर एक पैसा नाही. सोळा डॉलरमध्ये पंधरा दिवस दोघींनी खायचं काय? त्यात आम्ही शिवाचं लिंग गळ्यात बांधणारी माणसं, तिकडच्या ताटात कशात काय असेल कोण जाणे. मग काकूनं पदर खोचला. ज्वारीच्या पातळ भाकरी तिनं थापल्या, आठवडाभर, रोज एक घाणा. भाजून झाल्या की तव्याच्या कडेला शेकून कडक करायच्या आणि माळवदावर उन्हात पसरायच्या. कावळे हाकायला मी बसलेली. ती खालून ओरडायची, 'सरू, भाकरी वाळला का बग!' कडक भाकरी महिनाभर बिघडत नाही. वाजवली तर टणटण वाजते. साठ-सत्तर भाकरी, शेंगाची चटणी, खारातल्या मिरच्या, सगळं धुतलेल्या धोतरात बांधून तिनं गाठ मारली. ज्या जत्रेला तिला जायचं होतं त्या जत्रेची शिदोरी तिनं माझ्यासाठी बांधली. निघताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, 'अक्काचा हात सोडू नगं. जत्रंत माणूस चुकतंय.'

विमानात आईनं सगळा वेळ डोळे मिटून पंचाक्षरी म्हटली. उतरलो तर इंग्रीडबाई हात हलवत उभी, आणि तिच्या शेजारी साडीवर लांब कोट घातलेली एक गोलमटोल बाई. ती हैदराबादची, मुमताजबी. तिकडच्या दवाखान्यात नर्स होती. आईला बघून तिनं वाकून सलाम केला आणि आपल्या दखनीत म्हणाली, 'आओ अम्मा, पंधरा दिन मैं आपके साथीच हूँ.' आईचा चेहरा फुलला. हैदराबाद संस्थानात वाढलेली माझी आई, दखनी तिला पाण्यासारखी येत होती. इंग्रीडबाई मुमताजबीच्या कानाशी काहीतरी बोलली. मुमताजबीनं विचारलं, 'अम्मा, आपकी देवरानी की तबियत अब कैसी है? बीमार हैं बोलको चिठ्ठी में लिखे थे ना, ये पूछ रईं.'

आईनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच, आणि तेही फार वेळ नाही. मग मुमताजबीला म्हणाली, 'अच्छी है, मा. गुरम्मा अच्छी है.' आणि शिदोरीचं गाठोडं उचलून चालायला लागली. त्यावर ती पुढं एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आईच्या शिव्या मला पचायच्या. तिच्या गप्प राहण्यानं मात्र मी अर्धी व्हायची.

गाव सुंदर होतं. उगीच कशाला खोटं बोलू, अपराध पोटात असला तरी डोळे बघायचे थांबत नाहीत, आणि विशीतल्या पोरीचे तर मुळीच नाहीत. तळं एवढं की पलीकडचा काठ दिसेना. पांढऱ्या सालीची झाडं. ऊन असं कोवळं की आमच्याकडच्या माघातल्या सकाळची आठवण यावी, आणि ते मावळायलाच तयार नाही. रात्रीची भाकरी आम्ही उन्हात बसून खायचो. शाळेच्या एका लांबलचक खोलीत जमिनीवर गाद्या घातलेल्या, तिथं सगळे गरीब गवय्ये मुक्कामाला. कुणी दूरच्या डोंगरातले, कुणी समुद्रकाठचे. दुकानातल्या खाण्याच्या किमती मुमताजबीनं सांगितल्या तेव्हा आईनं आपल्या आठ डॉलरची पुरचुंडी चोळीत आणखी आत ढकलली. आम्ही कडक भाकरी पाण्यात भिजवून चटणीशी खायचो. एक म्हातारा फिडलवाला रोज टक लावून बघायचा. त्याला आईनं अर्धी भाकरी दिली. त्यानं ती वाजवून पाहिली, मग खाल्ली, मग पिशवीतून आपली तशीच कडक, गोल, मधे भोक असलेली काळी भाकरी काढून आईला दिली. आईनं ती उलटसुलट करून पाहिली. 'हितं बी गुरम्मा हाय की गं कुणीतरी,' ती म्हणाली. पंधरा दिवस मी काकूच्या हातचं खात होते, आणि प्रत्येक भाकरीवर तिच्या बोटांचे ठसे होते.

एक दुपार मात्र सांगायलाच हवी. गवतावर बसून आम्ही ऐकत होतो. एक पन्नाशीची बाई पुढं आली, हात रिकामे, वाद्य नाही काही नाही, आणि तिनं गळ्यातून असा उंच, लांब सूर काढला की तळ्यापलीकडून तो परत आला. इंग्रीडबाई मला समजावून सांगायला वळली, तोच आई म्हणाली, 'गाई बोलवायलीय ती.' मुमताजबीनं ते इंग्रीडबाईला सांगितलं. खरंच तसं होतं. डोंगरात चरायला गेलेल्या गाईंना हाका मारण्याची ती रीत होती. कार्यक्रम संपल्यावर आई सरळ त्या बाईजवळ गेली आणि आपली म्हशीला मारायची हाक तिला मारून दाखवली. दोघी एकमेकींचे हात धरून कितीतरी वेळ हसत होत्या. आईला असं लहान पोरीसारखं हसताना मी त्या आधी फक्त काकूबरोबर पाहिलं होतं.

मग आमचा दिवस आला. गावातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहातून त्यांनी एक दगडी जातं आणून मांडवात ठेवलं होतं. त्याला वर बांधलेला लांब दांडका होता. आईनं सुताराला बोलावून तो तोडून वीतभर खुंटा करून घेतला. इंग्रीडबाई म्हणाली, दहा मिनिटं आहेत, नुसतं फिरवत गा. आई म्हणाली, 'रिकामं जातं? न्हाई बाई. मी न्हाई फिरवायची.' मुमताजबीनं समजावलं, इंग्रीडबाईनं हात जोडले, घड्याळ दाखवलं. आई हलली नाही. शेवटी एक शेतकरी आपल्या गाडीतून बादलीभर काळसर धान्य घेऊन आला. राय म्हणतात त्याला, गव्हाचं चुलत भावंड. आता इथं आणखी एक चूक माझी. किती घेऊ, असं मला विचारलं, आणि मी घाईत म्हणाले, ओता. परात भरली. भरल्या परातीतलं दळण संपल्याशिवाय आमच्या घरची बाई उठत नाही, हे त्या माणसांना कोण सांगणार?

मी आईसमोर बसले, काकूच्या जागेवर. खुंट्याला हात लावला. जातं जड होतं, पण दोन फेऱ्यांत त्याला लय सापडली आणि आईनं पहिली ओवी उचलली. तिच्या आवाजातली ती हुरहूर त्या झाडांतून निघाली आणि तळ्यावर गेली. दोन ओळी झाल्या. आता काकूची ओळ. मला ती येत होती. मांडीवर डोकं ठेवून हजार वेळा ऐकलेली, झोपेतसुद्धा आली असती. मला वाटलं, म्हणूनच तर मला समोर बसवलंय. मी तोंड उघडलं. खुंट्यावर माझ्या हाताच्या वर आईचा हात होता. तिनं तो घट्ट दाबला आणि मान हलवली. नाही.

मी तोंड मिटलं. आई गात नव्हती, मी गात नव्हते, नुसतं जातं फिरत होतं. काकूला जेवढे फेरे लागत तेवढेच फेरे, ना एक कमी ना एक जास्त. मग आईनं दुसरी ओवी उचलली. दोन ओळी, आणि पुन्हा ती जागा. आई त्या जागेत समोर बघायची, माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडं, कुणी म्हणतंय आणि आपण ऐकतोय अशी. गाणाऱ्याचं ऐकताना तिची मान हलायची तशी हलायचीसुद्धा. दहा मिनिटं केव्हाच झाली. पुढचे फिडलवाले येऊन उभे राहिले, मग गवतावर बसले. लोकांना वाटलं असणार, यांच्या गाण्याची हीच रीत, मधे दगडाला गाऊ द्यायचं. मला एकटीला माहीत होतं तिथं कोण गातंय. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि दोन्ही हात खुंट्याला, पुसायची सोय नव्हती. परात रिकामी झाली तेव्हा आई थांबली, आणि टाळ्या वाजल्या त्या वाजतच राहिल्या.

मांडवामागं आईनं रुमाल पसरला आणि त्यात पसाभर पीठ घेऊन गाठ मारली. मग म्हणाली, 'सरू, ते पत्र वाचलीस तवा त्यात आनिक काय व्हतं?' मी सांगितलं. वाक्य, उत्तरातलं आजारपण, सगळं. ती म्हणाली, 'मला हितं उतरल्या उतरल्याच कळालं.' 'मग कामून बोलली न्हाईस?' 'बोलून काय गुरम्मा येतीय का हितं?' तिनं नाक शिंकरलं. 'मी बी काय धुतल्या तांदळाची न्हाई. ती पदरात हसली तवाच मला कळाया पायजे व्हतं. मला बी विमानाचं याड लागलं व्हतं, गं. पन तिची ओळ मी कुणाला देनार न्हाई. तुला बी न्हाई. घरी गेल्यावर तू सांग तिला. माझ्या तोंडानं मी सांगायची न्हाई.'

परतताना मुंबईच्या विमानतळावर साहेबानं ते पीठ बोटावर घेऊन हुंगलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. 'हे काय आहे?' आई म्हणाली, 'जावंचा वाटा.'

मेहकरला काकू अंगणात तूर पाखडत होती. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. ठेवली असती तर धीर गेला असता. 'काकू, पत्रात आणखी एक वाक्य होतं,' म्हणाले आणि एका दमात सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही. माझं बोलणं संपलं तरी ती पाखडतच होती. मग तिनं विचारलं, 'भाकरी पुरला का?' मी म्हणाले, 'पुरल्या.' 'बरं झाला,' ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, वर बघायची नाही. त्या तीन दिवसांपुढं पुढच्या आयुष्यातली कुठलीही शिक्षा मला मोठी वाटलेली नाही.

इंग्रीडबाईनं आमच्या गाण्याची कॅसेट दिली होती. ती लावायला यंत्र कुठलं? काकांनी चिटगुप्प्याला जाऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पाहुण्याकडून टेपरेकॉर्डर मागून आणला. रविवारी दुपारी शेजारपाजार जमला. काकू खांबाला टेकून मागं बसली होती. आईनं आधी तिच्या ओट्यात रुमाल सोडला. 'तुजं दळण.' काकूनं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि 'कसला काळा हाय' एवढंच म्हणाली. पण ते पीठ तिनं डब्यात टाकलं नाही, ओट्यातच धरून बसली.

टेप सुरू झाला. जात्याची घरघर, मग आईचा आवाज, दोन ओळी. मग नुसती घरघर. शेजारची म्हातारी म्हणाली, 'बंद पडलं की ओ.' काका यंत्राला थापटी मारायला वाकले. आई म्हणाली, 'हात लावू नका.' दुसरी ओवी आली. पुन्हा ती मोकळी जागा. काकूनं मान वर केली. ती आईकडं बघायला लागली आणि आई जमिनीकडं. तिसरी ओवी संपली, जातं एक फेरा फिरलं, आणि मागून, खांबाजवळून, तो खणखणीत, रागावल्यासारखा आवाज उठला. बरोबर जागेवर. काकूनं ओळ म्हटली आणि ती संपते न संपते तोच यंत्रातून आईनं पुढची उचलली. मग ती थांबलीच नाही. एकही जागा तिनं मोकळी जाऊ दिली नाही. आईनं तिकडं सातासमुद्रापार जेवढे फेरे राखून ठेवले होते तेवढ्यातच ती बसत होती. अप्पा कधी नव्हे ते टोपी काढून बसले.

ती कॅसेट आज माझ्या कपाटात आहे. तिच्यावर आई आहे आणि जातं आहे. काकूचं त्या दुपारचं गाणं कुणी धरून ठेवलं नाही. आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही. आता त्या दोघीही नाहीत. माझी नात ऐकते आणि म्हणते, आज्जी, मधे मधे रिकामं आहे. मी तिला म्हणते, थांब, ऐक नीट.

त्या दुपारी शेवटी ती बाभळीची ओवी आली. पायी मोडला काटा, जीव धावं पुढं. जातं फिरलं. काकूनं या खेपेला आईकडं पाहिलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्याकडं बघूनच म्हणाली, 'मुळ्ळ तगद नडी मगळे, ऊर मुंद ऐति.' जन्मभर त्या जागी अक्का म्हणत आली होती. मगळे म्हणजे लेकी. मी उठून तिच्या मांडीवर डोकं टाकलं, एवढी कॉलेजात जाणारी घोडी, सगळ्या गावासमोर, आणि हमसून हमसून रडले. तिच्या ओट्यातलं पीठ माझ्या केसांत सांडलं.

तेवढ्यात यंत्रातून टाळ्या आल्या. काकू दचकली. 'कोण हे? काय झाला ह्यांना?'

'तुझ्यासाठी वाजवायलेत, गुरम्मा,' आई म्हणाली.

काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि टाळ्या थांबेपर्यंत ताठ बसून राहिली.